लो-कोड अ‍ॅपवर रिपोर्ट आणि डॅशबोर्ड: आकडे जुळतच नाहीयेत, मदत हवीये

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज धागा काढतेय कारण दोन आठवडे डोकं धरून बसलेय आणि ऑफिसात विचारायला कोणी नाही, लो-कोडवर (फारसं कोड न लिहिता अ‍ॅप बनवायच्या टूलवर) काम करणारी मी एकटीच. मूळची मी कोडिंगवाली नाही, ऑपरेशन्समधली, एक्सेल बऱ्यापैकी येतं.

आठ महिन्यांपूर्वी मशीनच्या देखभालीच्या विनंत्या नोंदवायला एक अ‍ॅप बनवलं. आधी सगळं ईमेल आणि एका शेअर केलेल्या एक्सेल शीटवर चालायचं आणि निम्म्या विनंत्या हरवायच्या. आता फॉर्म आहे, मंजुरीचा फ्लो (आपोआप पुढे सरकणारा कामाचा क्रम) आहे, तंत्रज्ञाला मोबाइलवर नोटिफिकेशन जातं. चार विभाग वापरतात, साडेनऊ हजारांच्या आसपास विनंत्या झाल्यात. लोक खरंच वापरतायत याचा मला फार आनंद आहे.

पण आता वरून डॅशबोर्ड मागितलाय, आणि तिथे माझं गाडं अडलंय. अडचणी अशा:

अ‍ॅपच्या पहिल्या पानावर मी आकड्यांची कार्डं टाकलीत. 'एकूण विनंत्या' हे कार्ड कित्येक दिवस ५०० च दाखवतंय. 'उघड्या विनंत्या' ३८ दाखवतंय आणि यादी एक्सपोर्ट करून मोजल्या तर ४१२ निघतात. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर हे झालं आणि तेव्हापासून साहेब कुठलाही आकडा बघितला की आधी विचारतात "हा तरी बरोबर आहे ना?"

दुसरं म्हणजे, "मागच्या तिमाहीच्या शेवटी किती विनंत्या उघड्या होत्या?" एवढा साधा प्रश्न, पण उत्तर काढताच येईना. आज किती उघड्या आहेत ते सांगता येतं, तेव्हाचं नाही.

तिसरं, विनंती बंद व्हायला लागणारा सरासरी वेळ. चार विभागांच्या चार सरासऱ्यांची सरासरी काढली तर एक आकडा येतो, सगळ्या विनंत्यांवर काढली तर वेगळाच.

आणि हळू. एक वेगळं बीआय टूल (आकड्यांचे रिपोर्ट आणि चार्ट बनवणारं सॉफ्टवेअर) जोडून बघितलं, एका पानावर २२ चार्ट आणि कार्डं टाकली, उघडायला अर्धा मिनिट लागतो.

अ‍ॅपमधलेच चार्ट वापरावेत की बीआय टूलच धरून बसावं? सुरुवात कुठून करू?

---

रानवाट

५०० हा आकडा वाचूनच थांबलो. एवढा गोल आकडा कधी खरा नसतो, ती मर्यादा असते.

तुमचं टूल कुठलं ते लिहिलं नाहीत, पण मायक्रोसॉफ्टच्या लो-कोड टूलच्या, म्हणजे पॉवर अ‍ॅप्सच्या कागदपत्रांत हे स्पष्ट दिलेलं आहे, म्हणून त्याच उदाहरणाने सांगतो. अ‍ॅपमध्ये तुम्ही फिल्टर, बेरीज, मोजणी असं सूत्र लिहिता तेव्हा दोन गोष्टी होऊ शकतात. एक, ते काम डेटा जिथे आहे तिथेच सोपवलं जातं आणि अ‍ॅपकडे फक्त उत्तर येतं. याला डेलिगेशन म्हणतात. दुसरी, ते सूत्र त्या डेटा सोर्सला सोपवता येत नाही, मग अ‍ॅप पहिल्या ५०० ओळी स्वतःकडे ओढून घेतं आणि हिशोब तेवढ्यावरच करतं. सेटिंगमध्ये ही मर्यादा वाढवता येते पण जास्तीत जास्त २००० पर्यंत. शेअरपॉइंट लिस्टवर (मायक्रोसॉफ्टच्याच ऑनलाइन याद्यांवर) तर बेरीज आणि सरासरी सोपवताच येत नाही. एरर येत नाही, आकडा चुकीचा येतो आणि दिसायला मात्र नीट दिसतो, म्हणून हा प्रकार मला सगळ्यात धोकादायक वाटतो.

३८ चं कोडंही त्यात सुटतं बघा. पहिल्या ५०० ओळी म्हणजे बहुतेक सगळ्यात जुन्या विनंत्या, त्या बऱ्याचशा बंद झालेल्या असणार, उरल्या त्या ३८.

एडिटरमध्ये त्या सूत्राखाली एखादी इशाऱ्याची खूण दिसतेय का बघा. आणि मर्यादा २००० करून मोकळं होऊ नका हं, साडेनऊ हजारांना ती पुरणार नाही आणि चूक अजून उशिरा कळेल. मी तर उलट करतो, टेस्टिंग करताना ती मर्यादा मुद्दाम १ वर आणून ठेवतो, म्हणजे जिथे काम सोपवलं जात नाही तिथला आकडा लगेच १ होतो आणि चोर सापडतो.

---

पाटीपेन्सिल

रानवाट, अगदी तेच निघालं! इशारा पहिल्या दिवसापासून दाखवत होतं, मी "चालतंय ना" म्हणून दुर्लक्ष केलं होतं, चूक माझीच. १ ची युक्ती करून बघितली, सातपैकी पाच कार्डांवर १ आला. पोटात गोळाच आला.

---

घड्याळकाटा

दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो, माझी याच गोष्टीवर दोन वर्षं गेलीत.

अ‍ॅपच्या टेबलात तुम्ही 'स्थिती' नावाचा एक कॉलम ठेवला असेल. नवीन, मंजूर, काम चालू, बंद वगैरे. विनंती पुढे सरकली की त्याच रकान्यात नवी स्थिती लिहिली जाते आणि जुनी पुसली जाते. अ‍ॅपला तेवढंच लागतं, त्याला फक्त 'आता पुढे काय' हे हवं असतं. रिपोर्ट मात्र 'तेव्हा काय होतं' ते विचारतो, आणि ते तुमच्या टेबलात कुठे लिहिलेलंच नाही. मग कितीही भारी बीआय टूल आणा, जे साठवलंच नाही ते दाखवणार कुठून.

उपाय दोन आहेत आणि मी दोन्ही करतो.

पहिला, स्थितीबदलाची वेगळी नोंदवही. एक नवीन टेबल: विनंती क्रमांक, जुनी स्थिती, नवी स्थिती, कधी बदलली, कोणी बदलली. स्थिती बदलली की फ्लोने त्यात एक ओळ टाकायची. या टेबलातली ओळ कधीच बदलायची नाही, फक्त नवीन घालायची. यावरून कुठल्याही तारखेची परिस्थिती काढता येते, प्रत्येक विनंतीची त्या तारखेआधीची शेवटची ओळ घ्यायची. शिवाय विनंती मंजुरीत किती दिवस अडकली आणि प्रत्यक्ष कामात किती, हेही वेगळं कळतं. मला विचाराल तर अशा अ‍ॅपमधला सगळ्यात उपयोगी आकडा तोच असतो, कारण बहुतेक वेळा काम हळू होत नसतं, ते कुणाच्या तरी मंजुरीसाठी पडून असतं.

दुसरा, रोज रात्री एक फोटो काढून ठेवायचा. विभाग आणि स्थितीनुसार किती विनंत्या आहेत ते मोजून एका टेबलात लिहायचं. चार विभाग, सहा स्थिती धरल्या तर रोजच्या २४ ओळी, वर्षाच्या ८,७६०. काहीच नाही. उघड्या विनंत्यांची एकेक ओळ ठेवायची म्हटलं तरी ४१२ च्या हिशोबाने वर्षाला दीड लाखाच्या आसपास, तेही जड नाही.

दोन्ही का? नोंदवहीत फ्लो फेल झाला तर ओळ राहून जाते. फोटोशी ताडून बघितलं की लगेच सापडतं.

मागच्या आठ महिन्यांचं काय, तर तुमच्याकडे 'बंद केल्याची तारीख' असेल तर अंदाज निघतो. त्या तारखेला किंवा आधी तयार झालेली आणि एकतर अजून बंद नाही किंवा त्या तारखेनंतर बंद झालेली, ती तेव्हा उघडी होती. पुन्हा उघडलेल्या विनंत्यांमुळे थोडा फरक पडेल, पण कामचलाऊ आहे. आहे का तो कॉलम?

---

पाटीपेन्सिल

नाहीये :( मी 'शेवटचा बदल' ही तारीख बंद होण्याची तारीख म्हणून वापरत होते, ती आपोआप भरली जाते म्हणून.

---

घड्याळकाटा

अरेरे. ती तारीख विनंतीत कुणी काहीही बदललं तरी बदलते. नंतर कुणी शेरा लिहिला, फोटो जोडला, स्पेलिंग सुधारलं, की झाली नवीन तारीख. मध्ये कधी सगळ्या नोंदींवर एकदम काही बदल केला होतात का?

---

पाटीपेन्सिल

केला होता. दोन विभागांची नावं बदलली तेव्हा सगळ्या जुन्या नोंदी एकदम अपडेट केल्या. आत्ता बघितलं, त्या एका दिवशी ३,१०० विनंत्या बंद झाल्या असं दिसतंय. आणि त्या महिन्याचा सरासरी वेळ एकदम वर का गेला ते मी एक आख्खा आठवडा शोधत होते!

---

आकडेमोड

पाटीपेन्सिल, धीर सोडू नका, बंद झाल्यावर विनंती करणाऱ्याला ईमेल जात असेल ना? त्या ईमेलच्या तारखा कुठेतरी मिळतील, फ्लोचा जुना इतिहास मिळाला नाही तरी मेलबॉक्समध्ये असतील. आमच्याकडे आम्ही तसंच करून जवळजवळ सगळं परत मिळवलं होतं. प्लॅटफॉर्मवर ऑडिट (कोणी काय कधी बदललं याची नोंद) चालू असेल तर तिथेही बघा, मात्र चालू केल्यापासून पुढचंच मिळतं, मागचं नाही.

आता सरासरीबद्दल. सरासरीची सरासरी हा जुना खड्डा आहे, उदाहरण घ्या. एका विभागाच्या १० विनंत्या, सरासरी २ दिवस. दुसऱ्याच्या ९०, सरासरी १० दिवस. दोन सरासऱ्यांची सरासरी ६. पण खरं म्हणजे १० × २ अधिक ९० × १० म्हणजे ९२०, भागिले १००, म्हणजे ९.२ दिवस. लहान विभागाला मोठ्याइतकंच वजन दिलं गेलं म्हणून ६ आले. नेहमी मूळ ओळींवरून काढा, किंवा बेरीज आणि संख्या दोन्ही पुढे न्या आणि भागाकार सगळ्यात शेवटी करा. टक्क्यांनाही हेच लागू.

पण माझा खरा मुद्दा वेगळा आहे. 'बंद व्हायला लागलेला सरासरी वेळ' या आकड्यात फक्त बंद झालेल्या विनंत्या येतात. सहा महिने पडून असलेली विनंती त्यात नाहीच, कारण ती बंदच झालेली नाही. म्हणजे जी टीम अवघड कामं बाजूला ठेवते तिची सरासरी सुरेख दिसते आणि ज्या महिन्यात एखादी टीम कंबर कसून जुनी कामं निपटते त्या महिन्यात तिची सरासरी खराब होते. हे मी डोळ्यांनी बघितलंय. एका ठिकाणी टीमने तीन आठवडे जास्त वेळ थांबून मागचं सगळं साफ केलं आणि महिन्याच्या आढाव्यात त्यांनाच बोलणी बसली, माझ्या डॅशबोर्डवरच्या लाल बाणामुळे. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

तेव्हापासून मी तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवतो: बंद झालेल्यांचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा), दहापैकी नऊ विनंत्या किती दिवसांच्या आत बंद झाल्या तो आकडा, आणि आज उघड्या असलेल्यांचं वय (० ते ७ दिवस, ८ ते ३०, ३० च्या वर). तिसरी सगळ्यात महत्त्वाची. एक विनंती २०० दिवस अडकली तर सरासरी हलते, मध्यक हलत नाही, आणि वयाच्या तक्त्यात ती विनंती स्वतः दिसते.

---

नवशिका_२

वाचतोय. वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न, विनंती, सुटे भाग, कामाचे तास अशी तीन टेबलं मी जोडून एकच मोठं टेबल केलं तर चालेल ना? एक्सेलमध्ये पिव्हट करायला सोपं जातं.

---

सांधा

नाही चालणार, आणि प्रश्न बाळबोध अजिबात नाही, अनुभवी लोकही यात फसतात.

समजा एका विनंतीला सुट्या भागांच्या ३ ओळी आहेत आणि कामाच्या तासांच्या २. दोन्ही विनंतीला जोडून एकत्र आणल्या की ३ × २ म्हणजे ६ ओळी होतात. आता भागांच्या खर्चाची बेरीज केलीत तर ती दुप्पट येईल आणि तासांची तिप्पट. ज्या विनंतीला प्रत्येकी एकच ओळ आहे तिथे बरोबर येतं, त्यामुळे चार नोंदी तपासून बघितल्या तर सगळं ठीकच वाटतं.

बरोबर पद्धत म्हणजे घडलेल्या गोष्टींची टेबलं वेगळी ठेवायची (विनंत्या, भाग, तास, स्थितीबदल) आणि ज्यावरून आपण गट पाडतो ती वेगळी (विभाग, मशीन, तंत्रज्ञ, तारीख). मधोमध घटना आणि भोवती वर्णनं, चित्र काढलं तर चांदणीसारखं दिसतं म्हणून स्टार स्कीमा म्हणतात. पॉवर बीआयसारखी टूलं याच आकारावर नीट चालतात. अ‍ॅपची टेबलं जशीच्या तशी बीआयमध्ये ओढली की गुंता होतो कारण ती नोंद करायला सोयीची असतात, मोजायला नाही.

तारखेचं टेबल स्वतः बनवा हे आवर्जून सांगते. पॉवर बीआयमध्ये आपोआप तारखा हाताळायची सोय चालू असली की तारखेच्या प्रत्येक कॉलमसाठी पडद्यामागे एकेक लपलेलं टेबल तयार होतं, फाइल फुगते. एकच टेबल ठेवलं की आर्थिक वर्ष, सुट्ट्या, कामाचे दिवस सगळं त्यात घालता येतं. "पाच दिवसांत बंद" म्हणजे कामाचे पाच की कॅलेंडरचे पाच, हे भांडण मग तिथेच मिटतं.

अजून एक. पाटीपेन्सिल, विभागाचं नाव बदलल्यावर तुम्हाला सगळ्या जुन्या नोंदी बदलाव्या लागल्या, याचा अर्थ विभाग तुम्ही नुसता मजकूर म्हणून साठवलाय. त्याचं वेगळं टेबल करून विनंतीत फक्त त्याचा दुवा ठेवा. पुढच्या वेळी नाव एकाच ठिकाणी बदलेल.

---

उंबरठा

चर्चा छान चाललीये पण परवानग्यांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय.

अ‍ॅपमध्ये तुम्ही भूमिका लावल्या असतील, प्रत्येक विभागप्रमुखाला फक्त आपलं दिसतं. डेटा बीआय टूलमध्ये आयात केला की ती कुंपणं तिथे येत नाहीत. आयात ज्याच्या लॉगिनने झाली त्याला जे दिसतं ते सगळं मॉडेलमध्ये येतं, आणि रिपोर्ट ज्याला शेअर केला त्याला ते सगळं दिसतं. ओळीनुसार सुरक्षा तिथे पुन्हा नव्याने लावावी लागते. आणि पॉवर बीआयमध्ये ती लावली तरी वर्कस्पेसमध्ये ज्याला नुसतं बघायचा अधिकार आहे त्यालाच लागू होते, ज्याला संपादनाचा अधिकार दिलात त्याला सगळं उघडं. घाईत "दे सगळ्यांना मेंबर करून" असं होतं आणि सगळी मेहनत वाया.

मी स्वतः हे केलंय. तक्रारींचा एक रिपोर्ट होता, वरची कार्डं सगळ्यांसाठी सारखीच म्हणून शेअर केला, आणि एका विभागाच्या प्रमुखाने कार्डावर क्लिक करून खालच्या ओळी उघडल्या, त्यात दुसऱ्या विभागातल्या तक्रार करणाऱ्यांची नावं. त्या माणसांनी विश्वासाने लिहिलं होतं. त्यानंतर मी नियम केला, नाव आकड्यांसाठी लागत नसेल तर मॉडेलमध्ये आणायचंच नाही. लपवलेला कॉलम हा लपवलेला नसतो.

आणि गट फार लहान असेल तरी जपा. तीन तंत्रज्ञांच्या विभागाची सरासरी दाखवली की कोणाची चूक ते सगळ्यांना कळतं.

---

रानवाट

उंबरठा, शेवटच्या ओळीला शंभरदा सहमत.

आता वेगाबद्दल आणि 'अ‍ॅपमधलं की बाहेरचं' याबद्दल. माझी विभागणी अशी आहे. ज्याला आत्ता काम करायचंय त्याला अ‍ॅपमधलीच यादी द्या: तंत्रज्ञाला 'माझ्या आजच्या विनंत्या', प्रमुखाला 'माझ्या मंजुरीसाठी थांबलेल्या'. तिथे चार्ट नको, ओळीवर टॅप करून काम करता आलं पाहिजे. ज्याला आठवड्याचा, महिन्याचा कल बघायचाय त्याला बीआय. आणि ज्याला छापून सही करून फाइलला लावायचंय त्याला पानापानांचा रिपोर्ट, तो वेगळाच प्रकार आहे, डॅशबोर्ड छापून तो कधीच नीट येत नाही.

अ‍ॅपमधल्या चार्टचीही एक हद्द असते. डेटाव्हर्समध्ये (पॉवर अ‍ॅप्सच्या डेटाबेसमध्ये) गट पाडून बेरीज करणारी साधी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) ५०,००० नोंदींच्या पुढे गेली की चुकते, म्हणजे एरर देते. निदान सांगते तरी. तुम्ही आज साडेनऊ हजारांवर आहात, याच वेगाने तीनेक वर्षांत तिथे पोचाल.

२२ चार्टचं पान हळू असणारच. प्रत्येक चार्ट आपली वेगळी क्वेरी पाठवतो. तुम्ही डेटा आयात केलाय की थेट जोडलाय? थेट जोडला असेल तर प्रत्येक क्लिकला २२ क्वेऱ्या तुमच्या चालत्या अ‍ॅपच्या डेटाबेसवर जाऊन आदळतात, आणि तिकडे फॉर्म भरणाऱ्याला वाटतं अ‍ॅप हळू झालं. तुमच्या आकाराला आयातच योग्य. पॉवर बीआयच्या प्रो परवान्यात दिवसाला ८ वेळा ठरलेल्या वेळी रिफ्रेश करता येतं, प्रीमियमवर ४८ वेळा. महिन्याचा कल बघायला दिवसातून दोनदा पुरे. "लाइव्ह हवं" असं कोणी म्हणालं तर विचारा, दर पाच मिनिटांनी आकडा बदलला तर तुम्ही दर पाच मिनिटांनी वेगळं काय करणार? ज्याच्याकडे खरंच उत्तर असतं त्याला अ‍ॅपमधली यादी द्यायची.

---

काठावरचा

थोडा विरोधी सूर लावतो. इथे सगळे मॉडेल, स्टार, नोंदवही सांगतायत, सगळं बरोबरच आहे, पण धागाकर्ती एकटी आहे आणि तिचं मूळ काम वेगळंच आहे. एवढं सगळं उभं करून तो डॅशबोर्ड बघणार कोण? मी तीन ठिकाणी डॅशबोर्ड केले, वापराची आकडेवारी काढली तर दोन महिन्यांनी उघडणारा मी एकटाच. माझ्या मते दर सोमवारी सकाळी पाच आकड्यांचा एक ईमेल जाऊ दे, बस.

---

आकडेमोड

काठावरचा, ईमेलची कल्पना चांगली आहे, मी स्वतः वापरतो. पण ते पाच आकडे बरोबर यायला नोंदवही लागतेच ना? स्टार स्कीमा नंतर केला तरी चालेल, इतिहास नंतर नाही करता येत. जो दिवस नोंदवला नाही तो गेला. म्हणून मी म्हणेन नोंदवही आणि रात्रीचा फोटो आज संध्याकाळपर्यंत चालू करा, डॅशबोर्डला महिना लागला तरी चालेल.

---

काठावरचा

हे मान्य. इतिहासाचं आधी करा.

---

सांधा

वापर न होण्याचं कारण बरेचदा हे असतं की आपण 'काय काय दाखवता येईल' तिथून सुरुवात करतो. मी बनवायच्या आधी एक कागद घेऊन बसते आणि ज्याला हवंय त्याला विचारते, हा आकडा वाढला तर तुम्ही कोणाला फोन कराल? कोणालाच नाही असं उत्तर आलं की तो चार्ट गळतो. २२ चे बहुतेक ६ होतात.

पाय चार्टबद्दल दोन शब्द कारण २२ मध्ये पाच-सहा तरी असणारच. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या दोघांनी १९८४ मध्ये प्रयोग करून दाखवलं होतं की एकाच पट्टीवरच्या जागांची तुलना माणसं कोनांच्या तुलनेपेक्षा जास्त अचूक करतात. म्हणजे आडव्या पट्ट्या, मोठीपासून लहानपर्यंत लावलेल्या. मराठीत विभागांची, मशीनची नावं लांब असतात, आडव्या पट्टीत तीही नीट बसतात, मान वाकडी करून वाचावी लागत नाहीत.

---

घड्याळकाटा

एक राहिलं, वेळेचा पट्टा. बरेच क्लाउड प्लॅटफॉर्म वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) साठवतात आणि अ‍ॅपमध्ये दाखवताना तुमच्या वेळेत बदलून दाखवतात. बीआयमध्ये ओढलं की यूटीसीच येते. तुमचं घड्याळ यूटीसीच्या पुढे असेल तर पहाटेच्या नोंदी आदल्या दिवसात जातात, आणि महिन्याच्या एक तारखेच्या पहाटेच्या मागच्या महिन्यात. रात्रपाळी असेल तर हा फरक चांगलाच दिसतो. पॉवर बीआयच्या ऑनलाइन सेवेत 'आज' देणारं फंक्शनही यूटीसीचा आज देतं, म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर बरोबर आणि अपलोड केल्यावर पहाटे चूक.

अवांतर: रिपोर्टच्या कोपऱ्यात 'माहिती अमुक तारखेच्या इतक्या वाजेपर्यंतची' एवढी ओळ न चुकता टाका. निम्मी भांडणं दोन माणसांनी दोन वेगळ्या वेळचे आकडे घेऊन बसल्यामुळे होतात.

---

पाटीपेन्सिल

मंडळी, अठरा दिवसांनी परत आलेय, उशिराबद्दल माफ करा.

नोंदवहीचं टेबल आणि रात्रीचा फोटो त्याच दिवशी चालू केला. चौथ्या दिवशी दोघांत फरक आला, फ्लो एका विनंतीवर फेल झाला होता कारण तिचा विभागच रिकामा होता. घड्याळकाटा म्हणाले तसंच, फोटो नसता तर कळलंच नसतं.

बंद झाल्याच्या तारखा ईमेलवरून काढल्या. विनंती क्रमांक विषयात होता म्हणून सोपं गेलं. त्या ३,१०० मधल्या २,८९४ सापडल्या, उरलेल्यांना 'तारीख नक्की नाही' अशी खूण केली आणि सरासरीतून बाहेर ठेवल्या, आणि किती बाहेर ठेवल्या ते पानावर लिहिलं.

विभागाचं वेगळं टेबल झालं. अ‍ॅपमधली पाच चुकीची कार्डं काढून टाकली. २२ चार्टचे ७ झाले, डेटा आयात केला, पान आता तीन सेकंदांत उघडतं. पाय चार्ट एकही नाही. वयाचा तक्ता सगळ्यात वर ठेवला, आणि त्यातून पहिल्याच आठवड्यात ११ विनंत्या निघाल्या ज्या ९० दिवसांहून जास्त एकाच मंजुरीसाठी थांबल्या होत्या. मंजुरी देणारी व्यक्ती दुसरीकडे बदलून गेली होती आणि फ्लो तिच्याच नावावर पाठवत होता. तंत्रज्ञांना उगीच दोष दिला जात होता.

आणि तरीही परवा आकडे जुळेनात! यादीत ४०३, बीआयमध्ये ४१०. दोन दिवस सूत्रं उलटसुलट तपासली, जोडण्या तपासल्या, वेळेचा पट्टा तपासला. शेवटी सातही विनंत्या एकेक उघडून बघितल्या. त्या लिहून ठेवलेल्या पण पाठवलेल्याच नव्हत्या. यादी त्यांना उघडी धरत नाही, माझं बीआयचं सूत्र 'बंद नसलेली ती उघडी' असं होतं. तांत्रिक चूक काहीच नव्हती, 'उघडी' कशाला म्हणायचं ते आम्ही कधी ठरवलंच नव्हतं.

मग चारही विभागप्रमुखांना एकत्र बसवलं आणि ठरवलं: पाठवल्यापासून उघडी, पाठवेपर्यंत मसुदा. हे रिपोर्टच्या पहिल्या पानावर लिहिलंय. पण त्याच बैठकीत नवीन प्रश्न निघाला, बंद झालेली विनंती तीन दिवसांनी पुन्हा उघडली तर वेळ पहिल्यापासून मोजायचा की नव्याने? दोन प्रमुख एकीकडे, दोन दुसरीकडे. तुम्ही काय करता?

---

आकडेमोड

११ विनंत्यांचं वाचून फार बरं वाटलं.

पुन्हा उघडलेलीचा वेळ मी पहिल्यापासूनच मोजतो. विनंती करणाऱ्याचं मशीन पहिल्या दिवसापासून बंद आहे, त्याच्या दृष्टीने काम झालेलंच नाही. नव्याने मोजलं तर अर्धवट काम करून बंद करणाऱ्याचे आकडे चांगले दिसायला लागतात. आणि पुन्हा उघडलेल्या किती, हा वेगळा आकडा शेजारी ठेवतो.

---

सांधा

मी मुदत घालते. सात दिवसांच्या आत उघडली तर तीच विनंती, वेळ पहिल्यापासून. त्यानंतर तेच मशीन बिघडलं तर नवीन विनंती, जुनीचा दुवा देऊन. नोंदवही आता आहेच तुमच्याकडे, दोन्ही पद्धतींनी मागच्या अठरा दिवसांचे आकडे काढा आणि चौघांसमोर ठेवा, कशाने किती फरक पडतो ते दिसलं की ठरवायला सोपं जाईल.

---

पाटीपेन्सिल

काढले. एकूण १४ विनंत्या पुन्हा उघडल्या होत्या, त्यातल्या १२ सात दिवसांच्या आत. म्हणजे सांधाताईंची मुदत लावली तरी जवळजवळ सगळ्या पहिल्यापासूनच मोजल्या जातात. चौघांना पाठवलं, तिघांचा होकार आला, चौथ्यांचा फोन येतोय.